भुईवरून खुर्चीपर्यंत

आप्पा सतरंजीवर उताणे पडून छताकडे बघत होते. व्यायामाच्या वर्गातली बाकीची मंडळी केव्हाच उठून आपापल्या खुर्चीत बसली होती.

"आप्पा, उठताय ना?" शिकवणाऱ्या मॅडमनी वाकून विचारलं.

"उठता येत नाही असं समजू नका," आप्पा म्हणाले. "पंख्यावर धूळ किती साठलीय ते बघतोय."

हॉलमध्ये हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या वर्गातल्याच निवृत्त नर्स, सगळ्यांच्या 'सिस्टर'. आयुष्यभर इस्पितळात रुग्णांना उठवून-बसवून त्यांचे हात दणकट झाले होते आणि जीभ त्याहून.

"धूळ मोजून झाली की कुशीवर वळा," त्या म्हणाल्या. "इथे जमिनीवर पडलेला माणूस मी खूप वेळा पाहिलाय. लाजणारा पहिल्यांदाच बघतेय."

आप्पा लाजत होते हे खरंच होतं. सारी हयात त्यांनी बस चालवली. घाटाच्या वळणावर समोरून ट्रक आला तरी ते डगमगले नव्हते. आणि पावसाळ्याच्या आधी एका सकाळी, हातातून निसटलेलं डब्याचं झाकण उचलायला म्हणून ते खाली बसले, तोल गेला आणि आडवे झाले. लागलं काहीच नाही. पण उठता येईना. ओट्याला हात पोचेना, गुडघा वळेना. दूधवाला येईपर्यंत ते फरशीवर तसेच पडून राहिले.

दूधवाल्याने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने लेकीला. लेक तडक येऊन थडकली.

"पुरे झालं आता एकटं राहणं. माझ्याकडे चला."

"मी काय भुईला भार झालोय?"

"भुईवरून उठता येत नाही, म्हणून म्हणतेय."

आप्पांच्या वर्मी लागलं. ते म्हणाले, "उठून दाखवलं तर?"

"पावसाळा संपला की येते. उठलात तर राहा खुशाल. मी पुन्हा शब्द काढणार नाही."

म्हणून आप्पा या वर्गात आले होते. डॉक्टरांनीच पत्ता दिला होता. सुरुवातीला त्यांना सगळा पोरखेळ वाटला. खुर्चीतून हात न टेकता उठा, बसा. टाचा उचला. एका पायावर उभे राहा, भिंत जवळ असू द्या. "मला वाटलं व्यायाम शिकवाल," ते मॅडमना म्हणाले, "तुम्ही तर बसायला शिकवताय." दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या, की चहाचा कप आणायला जातानाही नाकी नऊ आले. त्यानंतर त्यांनी तोंड बंद ठेवलं.

जमिनीवरून उठण्याचा धडा मात्र त्यांनी टाळत टाळत आणला होता. कधी पोट बिघडलं, कधी धोतर नवीन होतं. आज सिस्टरनी त्यांना दारातच गाठलं होतं.

"घाई नको," मॅडम म्हणाल्या. "एका झटक्यात उठायला गेलं की माणूस फसतो. आधी कुशीवर. आता कोपरावर भार द्या. हां. आता हातपाय टेकून रांगा."

"रांगू?"

"नातवंडं बघत नाहीयेत," सिस्टर म्हणाल्या. "रांगा."

आप्पा रांगले. खुर्चीपाशी आले, बैठकीवर दोन्ही तळवे टेकले, एक पाऊल पुढे रोवलं. पाय लटपटला. पुन्हा रोवलं. मग दात-ओठ खात त्यांनी स्वतःला वर लोटलं, वळले आणि धपकन खुर्चीत बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बस स्टँडला लागली!" सिस्टर ओरडल्या.

मग आप्पांना चटकच लागली. घरी सकाळ-संध्याकाळ ते सतरंजी पसरू लागले. जिना चढताना कठड्याची गरज कमी झाली. बाजारातून पिशवी स्वतः आणू लागले. वर्गात नवा माणूस आला की त्याला आप्पाच दम भरायचे.

ठरल्याप्रमाणे लेक आली. पाणीही पिऊ न देता आप्पांनी तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीत मधोमध आडवे झाले.

"अहो आप्पा, हे काय!"

"गप्प बस. बघ नुसती."

कूस, कोपर, गुडघे, दुसरी खुर्ची, पाऊल. या वेळी धपकन बसलेसुद्धा नाहीत, ताठ उभे राहिले. वर एक कडक सलाम ठोकला.

लेकीने टाळ्या वाजवल्या. "जिंकलात बाई तुम्ही," असं म्हणून हसली आणि चहा ठेवते म्हणून आत गेली.

चहाला फार वेळ लागला. आप्पा आत डोकावले. लेक ओट्याशी पाठमोरी उभी होती, आधण उकळून आटत चाललं होतं.

"काय झालं गं?"

"काही नाही." तिने गॅस बारीक केला. "धाकट्याची खोली रिकामीच असते ना आता. तिला रंग दिला होता. म्हटलं, तुम्हाला उजेड आवडतो."

थोरल्यापाठोपाठ धाकटा नातूही नोकरीसाठी परगावी गेल्याचं आप्पांना माहीत होतं. जावई सदा फिरतीवर. हे सगळं त्यांना ठाऊकच होतं, पण एकत्र मांडून बघितलं नव्हतं.

"कोणता रंग?"

"फिका पिवळा."

"हं." त्यांनी स्वतःच कप काढले. चहा पिऊन झाल्यावर कपाटाच्या तळातली पिशवी ओढून काढली आणि दोन सदरे त्यात कोंबले.

"आप्पा?"

"पंधरा दिवस येतो. राहायला नव्हे. मॅडम म्हणतात, सवय मोडता कामा नये, सोबतीला कोणीतरी हवं. तुला वेळ असतो का सकाळी?"

"असतो," लेक घाईने म्हणाली. "सकाळी असतो. संध्याकाळीही असतो."

"मग घरात दोन भक्कम खुर्च्या लागतील."

"आहेत. खूप आहेत."

खाली गाडीपाशी तिने दार उघडून धरलं. आसन बुटकं होतं. आप्पांनी नजरेनेच अंदाज घेतला. सहज जमणार होतं.

"आप्पा, हात देऊ?"

त्यांनी एकवार तिच्याकडे पाहिलं.

"दे," ते म्हणाले. "नीट धर हं."