जबाबातलं नाव

धम्मानंदने चुन्याची रेघ शेवटच्या खुणेपर्यंत ओढली आणि तो थांबला. रेघेच्या पलीकडे, हातभर अंतरावर, पाच-सहा दगड गोल रचलेले होते. मधोमध वाळलेली झेंडूची फुलं.

बोरीच्या शिवारातली ही मोजणी रायभानने मागितली होती. शेजारचं रान त्याच्या विधवा वहिनीचं, मनकर्णाबाईचं. थोरला भाऊ चंद्रभान गेल्यापासून नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. धम्मानंदने यंत्रावर दोनदा तपासलं. बांध चार फूट रायभानच्या जमिनीत सरकलेला होता.

"हे दगड कशाचे, बाई?" त्याने बांधावर उभ्या असलेल्या मनकर्णाबाईला विचारलं.

"माझी लेक हाय तिथं. अकरा दिवसांची व्हती." ती रेघेकडे बघत राहिली. "आता ती ह्यांच्या रानात गेली म्हनायची."

"मी तिथं नांगर घालनार न्हाई, सायब," रायभान म्हणाला.

"ह्ये हायती तवर ठीक. ह्यांच्या माघारी कोन बघनार?" तीही साहेबालाच म्हणाली. "तुमी नकाशात हीर दावता, झाड दावता. हिला बी दावा की."

नकाशात तशी खूण नसते, हे त्याने तिला समजावून सांगितलं. पण जागेवर आहे ते जबाबात लिहिता येत होतं. तो बांधावर बसला आणि मांडीवर कागद घेऊन लिहू लागला.

"मुलीचं नाव?"

"नाव कुठलं? दुसऱ्या दिशी बारसं व्हतं." तिने पदर तोंडाशी नेला.

धम्मानंदने 'नाव नाही' असं लिहायला घेतलं.

"भक्ती," रायभान म्हणाला.

मनकर्णाबाईने मान वर केली.

"दादानं काढलं व्हतं. पाळना आनायला आमी दोघं परभनीला गेलो, तवा यष्टीत सांगितलं मला. म्हनला, वहिनीला आत्ताच बोलू नको, बारशालाच कळू दे." त्याने दगडांकडे पाहिलं. "घरी आलो तर ती गेलेली, तुमी तिला मांडीवर घेऊन बसला व्हता. मंग कुनी काय सांगावं?"

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली होती. धम्मानंदने नाव लिहिलं, खाली रायभानची सही घेतली. अंगठा उमटवण्याआधी मनकर्णाबाईने कागदावरून बोट फिरवलं.

"कुठं हाय ते?"

त्याने दाखवलं. वाचायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं.

"तुमी नका, सायब." नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती दिराकडे वळली. "भावजी, तुमी म्हना. त्यायच्या तोंडून तुमीच ऐकलंय."

रायभानने उपरण्याने तोंड पुसलं. मघाशी सहज बोलून गेलेलं नाव आता त्याला उच्चारता येईना.