जाळीचं बटण बाबांकडे

आमच्या परसातल्या कोंबड्यांना माझ्यापेक्षा जास्त हिंडायला मिळतं. त्यांच्याभोवतीची विजेची जाळी उचलून नेता येते. एका जागचं गवत उकरून संपलं की खांब उपटायचे, जाळी पुढे सरकवायची आणि पुन्हा रोवायची. हे काम माझं. बाबांना एकदा कोपराला झटका बसला, तेव्हापासून ते जाळीच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. मागच्या दारापाशी जाळीला वीज देणारा खोका आहे, त्याचं बटण तेवढं त्यांच्याकडे.

त्या दिवशी बाबांना वीज बंद करायला लावून मी जाळीच्या आत खुराडं धूत होते. शिवणाच्या कारखान्यातल्या बाईंचा फोन यायचा होता. दुसऱ्या गावी कापड बेतायचं काम, वर राहायला खोली. मी ‘येते’ म्हणायचं, एवढंच बाकी होतं. आई गेल्यापासून मी या घराला जुंपलेली. भाऊ पाहुण्यासारखा येतो आणि ‘ताई आहे म्हणून निभतंय’ म्हणत जेवून जातो. या वेळी मी कुणाचं ऐकणार नव्हते.

खोका टिकटिकायला लागला.

“बाबा, मी आत आहे! बंद करा.”

“कळतंय मला. जरा बोलू आपण.”

“बोलायला वीज कशाला लागते?”

“त्याशिवाय तू थांबतेस कुठे?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते दारात खुर्ची टाकून बसले. गुडघे दुखतात, झोपेत दचकायला होतं, परकी बाई ठेवली तर ती भाजीत मीठ कसं घालेल, सगळं ऐकवून झालं. मला राग येत होता आणि कीवही. ही कीवच माझ्या मुळावर उठली आहे.

स्वयंपाकघरात फोन वाजला.

“वाजू दे,” बाबा म्हणाले.

खांब प्लास्टिकचे असतात. वीज जाळीच्या तारांत, खांबात नाही. बाबांनी कधी जाळी हलवली असती तर त्यांनाही कळलं असतं. मी एक खांब उपटला, जाळी गवतावर आडवी केली आणि वरून उडी मारून पळाले. बाबांनी घाबरून बटण बंद केलं, तशा कोंबड्याही उधळल्या.

“बाई, मी येते!” मी फोन उचलून धापा टाकत म्हणाले.

“अहो, पण तुमच्या वडिलांनी कालच कळवलं ना, जमत नाही म्हणून? सकाळीच दुसरीला घेतलं मी. तुमचा नमुन्याचा सदरा परत कुठे पाठवू, एवढंच विचारायचं होतं.”

मी पत्ता सांगितला. हाच, घरचा.

बाहेर आले तर बाबा जाळीच्या आत. टॉवेल हलवत त्यांनी कोंबड्या आवरल्या होत्या.

“बघ, एकही सुटली नाही,” ते खुशीत म्हणाले.

मी खांब उभा केला, टाचेने दाबला आणि जाऊन बटण लावलं.

“अगं, मी आत आहे!”

“कळतंय मला.”

ते कोंबड्यांच्या मधोमध अंग चोरून उभे राहिले. खांब हाताशी होता, पण धरायची छाती होईना.

“चुकलं माझं. बंद कर. तुला जायचंय तिथे जा तू, मी अडवणार नाही.”

जायला आता जागाच उरली नव्हती. मी दारातल्या खुर्चीत बसले आणि बटण तसंच राहू दिलं.