भरल्या पिंपाचा आवाज

डूगल्ड मॅकफेलना आपलं व्हिस्कीचं पिंप विकायचं होतं ते बायकोला घरी आणण्यासाठी. पेगीला हिवाळ्यात पक्षाघात झाला. आमच्या बेटावर तिला सांभाळायची सोय नव्हती, म्हणून तिला समुद्रापलीकडे, मुख्य भूमीवरच्या ओबान गावातल्या शुश्रूषागृहात ठेवलं होतं. घरी आणायचं तर खालच्या मजल्यावर एक खोली बांधायला हवी होती आणि दिवसरात्र एक बाई. दोन्ही त्या पिंपातून निघणार होतं.

पिंप घेतलं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. डिस्टिलरी बंद पडायच्या बेतात होती, म्हणून मालकांनी नव्या दारूची पिंपं गावातच विकली. बाकीच्यांनी लेकीच्या लग्नात, नाहीतर छप्पर उडालं तेव्हा आपापली पिंपं विकून टाकली. डूगल्ड थांबले. व्हिस्की जितकी जुनी तितकी महाग. शिवाय लंडनच्या एका दलालाचं चकचकीत पत्रक दरवर्षी यायचं, त्यातली भावाची रेघ कायम वरच जायची.

पेगी म्हणायची, “दात आहेत तोवर एक घोट तरी पिऊ या.”

“थोडं थांब गं. राणीसारखी ठेवतो तुला.”

“राणीला कधी गोठा साफ करावा लागतो का रे?”

पिंप उघडून नमुना काढू द्यायला डूगल्ड कधीच तयार नसत. त्याऐवजी नववर्षाच्या दिवशी ते डिस्टिलरीच्या गोदामात यायचे आणि बोटांच्या पेरांनी आडव्या ठेवलेल्या पिंपाची सपाट बाजू खालून वर ठोकत जायचे. आवाज जिथे पोकळ होईल तिथवर माल. बेटावरचे सगळेच जुने लोक असं करतात. गोदामाचा रखवालदार आर्ची त्यांच्याच वयाचा.

“आले डॉक्टर! छाती तपासायला.”

“तुझं टक्कल ठोकलं तर याहून पोकळ वाजेल, आर्ची.”

“नमुना का काढू देत नाहीस?”

“तू नमुना काढलास की निम्मा तुझ्या मिशीत जातो.”

आवाज दरवर्षी भरीव यायचा. डूगल्ड खूश होऊन घरी जायचे.

या वसंतात एडिनबराच्या एका संग्राहकाने पिंप घ्यायची तयारी दाखवली. त्याला फक्त ताजं मोजमाप हवं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी इथल्या प्रयोगशाळेत लागले होते, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. आर्चीने बुचाच्या दोन्ही बाजूंना लाकडी हातोडा मारला. बूच उसळून वर आलं आणि नाशपातीचा, मेणाचा वास गोदामभर पसरला. डूगल्डनी टोपी काढली.

प्रयोगशाळेत अल्कोहोलचा आकडा आला अडतीस पूर्णांक सहा टक्के. यंत्राची नळी धुऊन मी पुन्हा मोजलं. तेच.

डूगल्ड दाराशी खुर्चीवर बसले होते. “किती?”

“चाळीसच्या खाली उतरलीय.”

चाळीस टक्क्यांखाली गेलेल्या दारूला व्हिस्की म्हणता येत नाही, हे बेटावर वेगळं सांगावं लागत नाही.

“तुझं यंत्र बिघडलंय, शीना. पिंप भरलेलं आहे. आवाज ऐकलास ना तू?”

“भरलेलंच आहे. आपलं गोदाम समुद्राला लागून आहे, जमीन मातीची. अशा ओल्या हवेत पिंपातलं पाणी फारसं उडत नाही, अल्कोहोल मात्र उडत राहतं. म्हणून पातळी टिकली आणि जोर गेला.”

“म्हणजे मी पाणी ठोकत होतो.”

मी आकड्याचा कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

“एखाद्या तेज पिंपात मिसळली तर?”

“दुसऱ्यांदा मोजल्यावर लगेच मॅनेजरना फोन करून विचारलं. ते नाही म्हणतात. आणि त्या गृहस्थाला या एकाच पिंपातली हवी आहे.”

“चाळीसखाली कधी गेली असेल?”

“नक्की नाही सांगता येणार. चार-पाच वर्षं झाली असावीत.”

ते बराच वेळ हिशेब करत राहिले. मला वाटलं, पैशांचा.

“तेव्हा पेगी चालत होती,” ते म्हणाले. “किनाऱ्यावर शिंपले वेचायला जायची.”

उरलेला नमुना मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला. मग ग्लास सोबत आलेल्या आर्चीकडे दिला. आर्ची एक घोट प्यायला आणि ग्लास त्याने जपून टेबलावर ठेवला.

“इतकी चांगली मी आयुष्यात प्यायलो नाही,” डूगल्ड म्हणाले. “तिला तर आता नीट गिळता येत नाही, पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने देतात.”

संग्राहकाचं नकाराचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. सभ्य होतं.

उन्हाळा लागताना डूगल्डनी मेंढ्या शेजाऱ्याला दिल्या, घराचं पाणी बंद केलं आणि ओबानमध्ये शुश्रूषागृहाच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. बेट सोडून ते कधी आठवडाभरसुद्धा राहिले नव्हते. आर्ची आणि मी धक्क्यावर गेलो. एकच बॅग होती.

“पिंपाचं काय करू?” आर्चीने विचारलं.

“तुझ्या मिशीला विचार.”

कोणी हसलं नाही. बोटीचा भोंगा झाला.

“खोलीतून समुद्र दिसतो का?” मी विचारलं.

“दिसतो. कोपऱ्यात उभं राहिलं की.” त्यांनी बॅग उचलली. “ती रोज विचारते, खोली झाली का बांधून. मी फोनवर म्हणतो, होतेय. असं फोनवर किती दिवस म्हणणार? तिच्याजवळ बसूनच सांगायला हवं.”

ते चढले आणि बेटाकडे पाठ करून, पुढच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले.