आग्नेलचं डोकं

अडतिसाव्या मिनिटाला आग्नेल आणि समोरचा फॉरवर्ड एकाच बॉलसाठी उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. आवाज थेट बाकापर्यंत आला. कोच कायतान रिबेलो ताडकन उभा राहिला. आग्नेल उठला, हात हलवून ‘ठीक आहे’ म्हणाला. त्याच्या गावच्या, वेळ्ळीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फुटबॉल सीझनचा शेवटचा सामना होता. बरोबरी झाली असती तरी क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकणार होता. पण कायतानचं बॉलकडे लक्षच लागेना. आग्नेल नेहमीच्या जागेपासून दोन पावलं मागे उभा राहत होता. समोरच्यांना ऑफसाइडमध्ये पकडायला मागची सगळी फळी पुढे सरकली, हा तिथेच.

कायतान स्वतःही चौदा वर्षं स्टॉपर होता, आग्नेलसारखाच मागच्या फळीच्या मधोमध. एका फायनलमध्ये डोक्याला असाच मार बसल्यावरही तो शेवटपर्यंत खेळला होता. त्या सामन्याबद्दल लोक अजून त्याला फेणी पाजत. त्यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. लोकांच्या तोंडून ऐकलेलंच तो हसत हसत परत सांगायचा. त्यानंतरची डोकेदुखी, दिवसाही बंद ठेवलेल्या खिडक्या, हे फक्त त्याच्या बायकोला, फिलोमिनाला ठाऊक होतं.

हाफटाइमला तो आग्नेलसमोर उकिडवा बसला.

“पुता, आपला एक बॉल बारला लागला. कोणी मारलेला?”

आग्नेल हसला. “कोच, परीक्षा घेता काय?”

“सांग ना.”

आग्नेलने बाजूला पाहिलं. शेजारी बसलेला जुझे बुटाची नाडी बांधता बांधता पुटपुटला, “रॉक.”

“रॉकने,” आग्नेल म्हणाला.

त्या फायनलला कायतानलाही असंच कोणीतरी उत्तर पुरवलं असणार.

“बूट काढ. तू बसतोयस.”

“मी? कोच, मी एकदम फिट आहे!”

क्लबचे अध्यक्ष मिनीनबाब दारातच उभे होते. “कायतान, वेड लागलं काय तुला? त्याच्याशिवाय मागे आहे कोण? तू स्वतः डोकं फुटलेलं असताना खेळलास की!”

“मला तो सामना आठवत नाही, मिनीनबाब.”

“म्हणजे?”

“म्हणजे आठवत नाही. एक मिनिटही नाही.”

मिनीनबाबांनी रुमालाने मान पुसली. “हरलो तर गावाला उत्तर तू द्यायचंस,” एवढं बोलून ते निघून गेले.

ऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर आला. तो बॉल आग्नेलने डोळे मिटून बाहेर काढला असता. त्याच्या जागी गेलेला पोरगा उडालाच नाही. गोल. सामना संपला, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. स्टँडमधून कोणीतरी ओरडलं, “भित्र्या!” कायतानने मान वर केली नाही, कारण आग्नेल बाकामागे वाकून उलटी करत होता.

मडगावच्या हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन काढला. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव दिसत नाही, पण इथेच ठेवू. मग म्हणाले, आणखी एक धक्का बसला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

कायतान खाटेशेजारी बसला.

“कोच, किती झाले?” आग्नेलने विचारलं.

“एक-शून्य. हरलो.”

आग्नेलच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं, “कोच, किती झाले?” पुन्हा ऐकलं, पुन्हा तसाच रडला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कायतानने दाराकडे पाहिलं. हा असाच राहिला तर? त्याच्या आईला काय सांगायचं? ती रिक्षाने निघालीच होती.

“अजून चालू आहे सामना,” कायतान म्हणाला.

फिलोमिनाचा फोन आला, त्याने उचलला नाही. मिनीनबाबांचा निरोप होता, सोमवारी क्लबच्या चाव्या घेऊन ये. तो त्याने वाचला आणि फोन खिशात टाकला.

रात्री आठच्या सुमारास, थोडी झोप झाल्यावर, आग्नेलने डोळे उघडले.

“कॉर्नरवर गोल खाल्ला ना आपण? त्या पोराला मी सांगत होतो बाकावरून, पुढचा पोस्ट धर म्हणून.” मग त्याने मान वळवली. “खोटं कशाला बोललात मघाशी? हरलोय आपण.”

“हरलो, पुता, हरलो,” कायतान म्हणाला आणि त्याला इतकं हसू आलं की परिचारिका दारात येऊन बघून गेली.