मी वाजलो नाही तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. लांबीला हातभर, अंगावर गंज आणि एका टोकाला तार ओवायला पाडलेलं भोक. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल आणि भंगार म्हणाल. खुशाल म्हणा, पण आधी माझी हकिकत ऐकून घ्या.

माझं मूळ गाव म्हणजे छत्तीसगडच्या मुलखातला एक लाल डोंगर. फार फार पूर्वी तिथे समुद्र होता. पाण्यातलं लोखंड तळाशी थराथरानं बसलं, थरांचा दगड झाला आणि जमीन वर उचलली गेली तसा तोही डोंगर होऊन उभा राहिला. पुढे त्या डोंगरावर खाण निघाली. सुरुवातीला बायामाणसं तिथला दगड हातानं फोडत आणि डोक्यावरून वाहून नेत. त्यांच्या पायांना, कपड्यांना, अगदी शिदोरीलासुद्धा तांबडा रंग चढे. नंतर यंत्रं आली आणि त्या हातांचं काम कमी होत गेलं. मी मात्र हातांच्या काळातला आहे, म्हणून मला जरा तोरा आहे. तेवढा चालवून घ्या.

भट्टीतून निघालो तेव्हा मी लांबलचक रूळ झालो होतो. कल्याणच्या यार्डात मालगाड्यांची चाकं अंगावर घेत माझी उमर गेली. झिजलो, तेव्हा मला उपटून कापलं. त्यातला हा तुकडा ठाण्याला आला, वर्तकनगरच्या मागच्या डोंगरात, एका दगडखाणीत.

हा डोंगर काळा. जमिनीच्या पोटातून तापलेला रस आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा रस, पुन्हा थर. एकावर एक घावनं रचावीत तसा हा डोंगर तयार झाला. दगड फुटला की कधी कधी त्याच्या पोकळीत पांढरे स्फटिक लकाकत. मोठी माणसं तिकडे बघतसुद्धा नसत, कारण त्यांना हवी होती खडी. खाली शहर वाढत होतं. नव्या वसाहतींच्या इमारती, डोंबिवलीकडचे रस्ते, सगळ्यांची भूक हा डोंगर भागवत होता.

मला उंबराच्या फांदीला टांगलं आणि माझं नाव पडलं टोल. सुरुंग उडवायच्या आधी खाणीतला म्हातारा कामगार धोंडिबा मला घणानं भराभर ठोकायचा, की सगळे पळत आडोशाला. सगळे सुरुंग फुटले की तो एकच सावकाश ठोका द्यायचा. त्याचा अर्थ, आता मोकळं. तो ठोका ऐकल्याशिवाय खाणीत कुणी पाय टाकायचा नाही, हा इथला कायदा. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत.

सुरुंग भरणारा मार्सेल. तो ठाण्याचाच जुना ख्रिस्ती रहिवासी. हाताला शांत आणि तोंडानं मिश्किल. सुरुंग मोजायची मात्र धोंडिबाची बायको, दगडाबाई. सुरुंगाची जितकी भोकं तितके खडे ती पदराच्या ओटीत घ्यायची. एक आवाज झाला की एक खडा खाली. शेवटचा खडा पडला की ती ओरडायची, "वटी रिकामी!" एरवी बाईच्या तोंडून हे शब्द अशुभच, पण आमच्या खाणीत याच्याइतकी गोड बातमी दुसरी नव्हती.

माझा आवाज खणखणीत होता. मार्सेल म्हणायचा, "देवळातली घंटा बी अशी वाजत नाय." मी फुगून जायचो. पण मी ज्या तारेला लटकलो होतो ती सडत चालली होती. धोंडिबानं मुकादमाला, तानाजीला, दोनचारदा सांगितलं. तानाजी म्हणायचा, "आणतो रे, आज तार आणायला टाइम कुणाला आहे?"

सत्त्याऐंशी सालची थंडी. त्या सकाळी सुरुंग उडाले, डोंगर हादरला. खडे पडत गेले आणि दगडाबाईनं आरोळी दिली, "वटी रिकामी!" धोंडिबानं घण उचलला आणि घाव बसायच्या आतच तार तुटली. मी धप्पकन मातीत पडलो. ना ठण, ना खण. मला इतकी लाज वाटली, काय सांगू!

आडोशाला धोंडिबाची सून शेवंती उभी होती. तिला दिवस गेले होते. घमेली उचलायला रोज तीच पहिली आत शिरायची. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली.

तानाजी खेकसला, "चला, चला! डंपर कधीचा उभा आहे."

"टोल न्हाय झाला," धोंडिबा म्हणाला.

"अरे, तुझ्याच बायकोनं मोजलंय ना? मग आता काय लोखंडाची परवानगी घेणार?"

शेवंती घुटमळली. "मामंजी, जाऊ का? आत्याबाईंचं मोजणं कधी चुकलंय?"

"चुकलं न्हाय," धोंडिबा तार हुडकत म्हणाला, "पर ठोका ऐकल्याबिगर पाय टाकायचा न्हाय. मी टोल बांधतो, मग जा. तवर हल्लीस तर बघ."

"घाबरट म्हातारा!" तानाजी हसला. आणखी दोघे हसले. पण कायदा तो कायदा. चडफडत का होईना, सगळे थांबले. शेवंतीनं चुंबळ काढून हातात घेतली. धोंडिबाला तारेचा तुकडा सापडला, त्यानं तो माझ्या भोकातून ओवला, आणि तेवढ्यात खाणीत धडाडलं.

एक सुरुंग राहिला होता! शेवंती जिथे घमेलं भरायला बसणार होती, तिथे दगडांचा पाऊस पडला. धूळ बसली. मग दगडाबाई धावत आली, सुनेला छातीशी धरून रडायलाच लागली. "माझ्या मोजण्यानं घात केला असता गं!"

मार्सेल खाणीच्या कड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाय, चुकी तुजी नाय. आपण खणून खणून डोंगराची वाटी केली. आवाज तिकडं आपटून परत आला, तोच तू मोजला. आनि आत ओली वात धुमसत बसलेली."

 तानाजी तडक बाजारात गेला. जाडजूड साखळी घेऊन आला आणि स्वतःच्या हातानं त्यानं मला टांगलं. त्या दिवसापासून ओटी रिकामी झाल्यावरही सगळे निवांत पान जमवून खात, मगच माझा ठोका पडे. त्या संध्याकाळी चहा मात्र सगळ्यांना फार गोड लागला. मलासुद्धा हलकं हलकं वाटत होतं.

पंच्याण्णव साली खाण बंद झाली. इमारती डोंगराच्या पायथ्याला येऊन भिडल्या होत्या. मी काही वर्षं गवतात पडून होतो. एकदा भंगारवाल्यानं मला उचललंही. पण शेवंतीनं त्याला आडवं होऊन मला सोडवलं. ती आता वस्तीतल्या बालवाडीत मदतनीस आहे आणि मी तिथेच टांगलेला आहे. तिची मुलगी मनू, जी त्या सकाळी तिच्या पोटात होती, ती आता मला ठोकून पोरांना सुटी देते. पाहुण्यांना ती सांगते, "हा टोल वाजला नाय, म्हणून मी आहे."

मित्रांनो, हे ऐकून मी पुन्हा फुगतो, पण खरं सांगतो. मला कसलं श्रेय? मी तर पडलो होतो. श्रेय त्या म्हाताऱ्याचं, खात्री पटलेली असूनही जो थांबला. कुणी असा थांबला तर त्याला घाबरट म्हणू नका. आणि माझ्यासारखं काही कुठे टांगलेलं दिसलं, तर त्याची तार आजच तपासा. त्या दिवशी ती तुटली म्हणून माणसं वाचली. पण तार तुटण्याच्या भरवशावर कुणी लेकरं वाढवू नयेत.