सीलचा नंबर

"उमाशंकर, बंदरावरून फोन हाय. सील जुळत न्हाई म्हणतेत."

मिलचे मालक गुरुपादप्पा यांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडून एजंटचा माणूस बोलत होता. कागदावर सीलचे शेवटचे आकडे चारशे आठ. कंटेनरच्या दारावर मात्र चारशे तीन. म्हणजे वाटेत कुणीतरी सील तोडून दुसरं लावलं असणार. आता माल तपासायला दोन-तीन दिवस लागतील आणि व्हिएतनामचं जहाज या कंटेनरशिवायच निघेल.

"म्या चारशे आठच लावलं, मालक," उमाशंकर म्हणाला.

लातूरच्या त्या सोयाबीन मिलमध्ये एकोणीस वर्षं तो कंटेनर बंद करत होता. पेंड भरून झाली की दाराच्या कडीत लोखंडी सील घालायचं, खट्‌ आवाज येईपर्यंत दाबायचं आणि नंबर कागदावर लिहायचा. समुद्र त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता. पण आपण लिहिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून परदेशातला माणूस दार उघडतो, हे तो पाहुण्यांना आवर्जून सांगायचा.

कंटेनर बंदरावर नेणारा ट्रेलर व्यंकटचा होता, चालवायचाही तोच. जीपीएस पाहिलं तर गाडी लातूरजवळच्या मुरुडला चाळीस मिनिटं उभी. मागच्या फेऱ्या काढल्या, तर दर फेरीला मुरुड.

उमाशंकरने फोन लावला. "मुरुडला कशाला थांबला होतास?"

"च्या प्यायला, आप्पा."

"निघून तास न्हाई झाला अन् च्या? चाळीस मिनिटं?"

"सीलला म्या हातबी लावला न्हाई. बाकीचं इचारू नका."

अकरा वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते. त्या दिवशी उमाशंकर एकटाच जेवला. व्यंकटने दिवाळीला घेतलेला नवा मोबाईल आठवला. कंटेनर भरताना त्याचं मागं-पुढं घुटमळणं आठवलं. आजवर साध्या वाटलेल्या गोष्टी आता साध्या वाटेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसने मुरुडला गेला. गाडी थांबायची त्या जागेसमोर जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं. पेंडीची पोती दारापर्यंत रचलेली. तराजूपाशी बसलेली बाई त्याला पाहून उठली.

"उमाशंकरकाका?"

ती पुनम होती, व्यंकटची लेक. तीन वर्षांपूर्वी तिने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा 'मला लेक न्हाई' असं व्यंकट सगळ्या मिलला सांगत फिरला होता.

"तुझा बाप येतो का इथं?"

"समोर गाडी लावतेत. खाली उतरत न्हाईत. बघत बसतेत अन् जातेत." ती खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यांना ठाऊक न्हाई. मीबी बघितल्यासारखं करत न्हाई."

"पेंड कुठून आणता?"

"लातूरहूनच की."

उमाशंकरने मान हलवली, पण तिचं म्हणणं त्याला पटलं नाही. लेकीशी बोलत नाही म्हणणारा बाप दर फेरीला थांबतो, तेही नेमकं पेंडीच्या दुकानासमोर? परत येऊन त्याने मालकांना सगळं सांगितलं. मालकांनी पोलिसांना. दुपारी दुकानातली पोती रस्त्यावर आली आणि पुनमच्या नवऱ्याला चौकीत नेऊन बसवलं.

पुढच्या सकाळी दुसरा कंटेनर भरून झाला. उमाशंकरने सीलच्या खोक्यात हात घातला, एक सील काढलं आणि नंबर लिहायला उन्हात धरलं. लांब धरलं, जवळ आणलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

चारशे आठ.

म्हणजे कागदावर लिहिलेलं सील दाराला लागलंच नव्हतं. इंग्रजी तीनला त्याने आठ वाचलं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन तो दोन वर्षं पुढं ढकलत आला होता. कामावरून काढतील, या भीतीने. आसपास कुणी नव्हतं. समोर बॉयलरचं तोंड उघडं होतं. सील मुठीत घेऊन तो तिथपर्यंत गेला. आच चेहऱ्याला लागली. मग तो वळला आणि मालकांच्या खोलीत गेला.

"मालक, चारशे आठ इथंच हाय. चूक माझी हाय."

गुरुपादप्पांनी आधी दार लोटून घेतलं. "कुणाला बोललास?"

"अजून कुणाला न्हाई."

"मग बोलू नको. मिलचं नाव जाईल. माल पुरा निघाला की समदं आपोआप मिटतंय."

"अन् तो चौकीत बसलाय त्याचं?"

उमाशंकर तसाच मुरुडला गेला आणि चौकीत लिहून दिलं. व्यंकटचा जावई सुटला. पुनम रस्त्यावर सांडलेली पेंड सुपाने गोळा करत होती. तो मदतीला वाकला.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "समद्या गावानं बघितलं. आता बाबा येतेत का कधी?"

बंदरावर तपासणीत माल पुरा निघाला, पण जहाज गेलंच. गुरुपादप्पा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. कामावरून मात्र काढलं नाही. उमाशंकरने ऑपरेशन करून घेतलं. व्यंकट बंदरावरून परत आला तेव्हा उमाशंकरने त्याचे दोन्ही हात धरले.

"व्यंकट, लई मोठी चूक झाली माझी."

"झालं ते झालं, आप्पा," व्यंकट म्हणाला आणि हात सोडवून घेतले.

मग नवा कंटेनर भरला. उमाशंकरने सील घातलं, दाबलं, खट्‌ आवाज झाला. त्याने नंबर मोठ्याने वाचून दाखवला. व्यंकट केबिनमधून खाली उतरून मागं आला, खिशातून मोबाईल काढला.

"जरा हात काढा, आप्पा."

त्याने फोटो घेतला. दोन बोटांनी मोठा करून एकेक आकडा ओठांतल्या ओठांत वाचला. मग मोबाईल खिशात ठेवून तो गाडीत चढला.