शेऱ्याचा रकाना

वडील गेले त्याला नऊ दिवस झाले, तरी लोक पार्सलं घेऊन यायचे थांबले नव्हते. मागचं दार उघडं दिसलं की आत डोकवायचे, एकदम आठवल्यासारखी जीभ चावायचे, आणि तरीही हातातलं पार्सल बाकावर ठेवूनच जायचे. बाकावर आता अकरा जमली होती.

"तुझ्या बापाला कुणी धड मरूही देणार नाही," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. भावाच्या घरात राहून तिला तीस वर्षं झाली होती, आणि त्या तीस वर्षांत तिनं कुणाचं कौतुक केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "शाखा बंद झाली तेव्हाच म्हटलं होतं, दादा, आता गप घरी बस. पण ऐकेल तर शपथ."

वडिलांना गाव पार्सलमास्तर म्हणायचं. घराच्या पुढच्या खोलीत पार्सल कंपनीची शाखा होती, क्रमांक दोनशे सतरा, आणि ती त्यांनी एकतीस वर्षं चालवली. आठ महिन्यांपूर्वी कंपनीनं ती बंद केली. दुसरी शाखा अवघ्या सहा किलोमीटरवर आहे, असं कारण दिलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त मध्ये नदी होती, आणि पूल बत्तीस किलोमीटर वरच्या अंगाला.

"सहा किलोमीटर म्हणे," आत्या म्हणाली. "तुमच्या पार्सलांना पंख फुटले असतील."

पार्सलमास्तरांची मुलगी बाकावरची पार्सलं नीट लावू लागली. ते सहा किलोमीटर तिनंच मोजले होते.

कंपनीच्या मुख्य कचेरीत, चौथ्या मजल्यावर, ती नकाशा विभागात होती. समोर भिंतभर देश, आणि त्यावर चारशे बारा शाखांचे ठिपके. बंदरांभोवती आणि मोठ्या शहरांभोवती ठिपक्यांची अशी दाटी, की साखरेला मुंग्या लागाव्यात. आतल्या मुलखात मात्र वीत ठेवली तरी करंगळीला ठिपका लागत नव्हता. तिचं काम सोपं होतं. प्रत्येक ठिपक्याभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. एका वर्तुळात दोन शाखा सापडल्या की जिचं काम कमी, ती बंद करायच्या यादीत टाकायची. अंतर सरळ रेषेत मोजायचं. सरळ रेषेला डोंगर दिसत नाही न् दरी दिसत नाही, म्हणून यादीत शेवटी शेऱ्याचा रकाना ठेवलेला असे. 'मध्ये घाट', 'पावसाळ्यात रस्ता बंद' असं काही त्यात लिहिलं की शाखा वाचायची.

गेल्या यादीत अडतीस शाखा होत्या. जुनी प्रवासवर्णनं चाळून, कुठकुठल्या शाळामास्तरांना फोन करून तिनं त्यातल्या नऊ वाचवल्या. त्या गावांचं तोंडही तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग दोनशे सतरा आली आणि तिचा हात थांबला.

मागं साहेब उभे होते. "ही तुमच्या वडिलांची ना हो?"

"हो."

"मग बघा बुवा. आपलेच दात, आपलेच ओठ," एवढं म्हणून ते चहाला गेले.

ज्या नदीत ती पोहायला शिकली, ती नदी तिनं लिहिली नाही. घरची शिकवणच तशी होती. लहानपणी तिच्या हातात पार्सल दिसलं, तर वडील तिलाही रांगेत उभं करायचे. "घरची म्हणून पुढं आलीस, तर मागच्यांनी मला काय म्हणायचं?" शिवाय ती एक गोष्ट धरून चालली होती: हरकत बाबा घेतीलच. नियम तसा होता. शाखा चालवणाऱ्यानं नव्वद दिवसांत एका ओळीचा अर्ज करायचा, की मध्ये नदी आहे. शाखा पुन्हा सुरू. तिच्यावर वशिल्याचा डाग नाही, आणि बाबांची खोली जिथल्या तिथं.

नव्वद दिवस ती रोज सकाळी हरकतींची फाइल आधी उघडायची. अर्ज आला नाही. रविवारी फोनवर ती विचारायची, "बरे आहात ना?" ते म्हणायचे, "मजेत." शाखेचं नाव दोघांनीही काढलं नाही. थकले असतील, सुटले असतील एकदाचे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

सुटले बिटले काही नव्हते. गाव सवयीनं त्यांच्याच दाराशी यायचं, आणि ते रोज पार्सलं पिशवीत घालून नावेनं पलीकडे न्यायचे, अडुसष्टाव्या वर्षी. हे तिला आत्याकडून कळलं, तेही सगळं संपल्यावर. त्या दिवशी ते नदीवरून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. आत्यानं पाणी आणलं तेव्हा ते प्यायला कुणी उरलं नव्हतं.

त्यांनी अर्ज का केला नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. बाकीचं सोसता आलं असतं.

"आत्या, कंपनीला त्यांनी काहीच लिहिलं नाही?"

"मी डोकं फोडलं त्याच्यापुढं. म्हटलं, अक्षर मोत्यासारखं आहे तुझं, एक चिठ्ठी खरड की. तर म्हणे, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा का? म्हटलं, तुझ्या पोटावर दिला त्याचं काय?"

"कुणाच्या, ते बोलले?"

"तो कसला बोलतोय."

"आणि कंपनीचं पत्र?"

"ते काय, पुढच्या दाराला चिकटवलंय. नऊ दिवस मागच्या दारानं ये-जा करतेस, दिसणार कसं?"

ती वळसा घालून पुढं गेली. पत्र उन्हानं पिवळं पडलं होतं. मजकूर तिला तोंडपाठ होता, नमुना तिनंच बनवला होता. मजकुराखाली कोष्टक असायला हवं होतं: शाखा, जवळची शाखा, अंतर, शेरा, आणि तळाशी तयार करणाऱ्याचं नाव. कोष्टक नव्हतं. कागद तिथं पट्टी लावून कापला होता, पार्सलं बांधताना चिकटपट्टी कापायचं पातं घेऊन. कुठं एक दातेरी कड नव्हती.

"त्यानंच कापलं," मागून आत्या म्हणाली. "चिकटवायच्या आधी. विचारलं, खाली काय होतं रे? म्हणाला, ते ऑफिसातल्यांसाठी असतं, गावाला काय करायचंय."

खाली होतं 'शेरा: निरंक', आणि तिचं नाव. हरकत मान्य झाली की रकाना कोरा ठेवणाऱ्याला जाब विचारतात, हे एकतीस वर्षं शाखा चालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. तिलाही ते माहीत होतं. जाब म्हणजे फार तर एक कागद, लाल शाईतला. तो घ्यायची तिची तयारी होती. हे त्यांना सांगायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

"इथं उभी राहून काय होणार," आत्या म्हणाली. "ती पार्सलं हलव आधी. लोकांची आहेत."

दोन पिशव्या भरून ती नदीवर गेली. नावाडी वडिलांच्याच वयाचा होता. त्यानं पिशव्या घेतल्या, ओल लागणार नाही अशा फळीवर ठेवल्या आणि नाव सोडली. मध्यावर आल्यावर तो बोलला.

"ताई, तुम्ही हेड ऑफिसात असता ना? बघा की जरा, कुणाचं डोकं हे. आम्ही म्हणायचो, नकाशा काढणाऱ्यानं नदी पाहिलीच नसणार. मास्तर म्हणाले, पाहिली आहे."

"मग?"

"मी म्हटलं, पाहून केलं असेल तर त्याला आणा इथं, मध्यावर नेऊन सोडतो. विनोदानं म्हटलं हो. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

पाणी संथ होतं. तिनं फळीची कड धरली.

"ती मी," ती म्हणाली.

वल्हं थांबलं नाही. तो म्हणाला, "मास्तरांना माहीत होतं?"

"हो. आज कळलं मला."

"तरीच." मग आणखी चार हात मारून, "आता उघडायला लावाल?"

"लावीन. चूक माझी होती असं लिहून देईन."

"द्या. आणि बसणार कोण तिथं?"

काठ आला. त्यानं पिशव्या अलगद कोरड्यात ठेवल्या, काचेचं सामान असल्यासारख्या. तिला मात्र हात दिला नाही. ती घोटाभर पाण्यातून उतरली आणि चढ चढून पुढची लांबची वाट चालू लागली.

पलीकडची शाखा म्हणजे एक खिडकी आणि दोन बाकडी. तासाभरानं तिचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईनं पाच पार्सलं वजन करून घेतली आणि सहावं परत सरकवलं.

"पाचच. एका माणसाकडून दिवसाला पाच. जास्तीला एजंट लागतो. एजंट आहात?"

"नाही."

"मग उद्या या. पुढचे."

उरलेली सहा घेऊन ती उतारानं खाली आली. नावाडी नावेतच बसून होता.

"पाचच घेतात," ती म्हणाली.

"हो. मास्तर रोज पाचच आणायचे. लोक सात-सात द्यायचे, म्हणून तर घरात साठायची."

"मग निघताना सांगायचं नाही का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "नियम तुमच्याकडूनच येतात ना ताई? मला वाटलं, माहीत असतील."

तिनं एकेक पार्सल फळीवर ठेवायला घेतलं. त्यानं हात लावला नाही.